‘खोका’ म्हणजे पेटी नव्हे : पेठेचे जुने कागद वाचून देणाऱ्या एका मोडी सेवेचे परीक्षण

खानदेशात सध्या मोडी वाचून देणाऱ्यांना मोकळा वेळ नाही. जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची पाने, शेताच्या वादासाठी वाटणीपत्रे, देवस्थानाच्या सनदा, सगळे त्यांच्याकडेच जाते. जळगावातली एक सेवा याखेरीज ‘व्यापारी घराण्यांचे दप्तर’ असा वेगळा विभाग चालवते. हे परीक्षण तेवढ्याच विभागाचे. नाव लिहिलेले नाही, कारण इथे दाखवलेल्या चुका त्या एकट्याच्या नाहीत. मोडीचा वर्ग करून वाचायला बसलेल्या बहुतेकांकडून त्या होतात.

दिलेले कागद एका जुन्या पेढीच्या रुमालातले, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातले, एकूण ६४ बंद (सुटे कागद). त्यात हुंड्या (पैसे देण्यासाठी पेढीवर लिहिलेल्या चिठ्ठ्या), खतावणीची (खातेवहीची) सुटी पाने, पेठ वसवण्याचे दोन कौल (सरकारी सवलतपत्रे), शेटेपणाच्या, म्हणजे पेठेच्या मुख्याच्या वतनाच्या, वादाचे तीन लांब कागद आणि काही हिशेबी चिठ्ठ्या. नुसत्या लिप्यंतराचा दर बंदाला १५० रुपये, अर्थासह २५०, ‘ऐतिहासिक टिपणा’सह ४००. मुदत पंधरा दिवसांची सांगितली, लागले सव्वीस. उशिराबद्दल तक्रार नाही, हे काम घाईचे नव्हे. अक्षर वाचण्याला दहापैकी आठ गुण, अर्थाला पाच, टिपणाला दोन. चारशेंतले शेवटचे दीडशे रुपये वाचवावेत, हा पहिला सल्ला.

फोटो आणि पाठीमागची बाजू

सेवेचा माणूस घरी येऊन मोबाइलवर फोटो काढतो. फोटो बरे असतात, पण तो फक्त पुढची बाजू काढतो. पत्राच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, हुंडीच्या बाबतीत मुळीच नाही. हुंडी एकाने लिहिली, दुसऱ्याने विकत घेतली, त्याने तिसऱ्याला दिली, ही सगळी साखळी पाठीमागे असते. पुढच्या बाजूला दोन-तीन नावे, मागच्या बाजूला कधी सहा. सुरतेचा सराफ, नंदुरबारचा आडत्या, बुऱ्हाणपूरची पेढी यांचे नाते कळते ते मागूनच. पहिल्या खेपेत अकरा हुंड्यांच्या पाठी राहिल्या, म्हणजे निम्मे व्यापारी गळालेच.

माणूस येण्याआधी घरच्यांनी एवढे करावे. प्रत्येक बंदाला मऊ पेन्सिलने कोपऱ्यात नंबर घालावा, मागच्या बाजूला तोच नंबर घालून पुढे ‘पाठ’ असे लिहावे. घडी उलगडत नसेल तर पाणी लावू नये. जुनी शाई काजळीची, डिंकाची. ओल लागली की पसरते. इस्त्री नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. शाई सुकवायला टाकलेली बारीक वाळू कुठे कुठे अजून चिकटलेली दिसते, ती घासली तर अक्षरही निघते. फोटोच्या चौकटीत शेजारी फूटपट्टी ठेवावी आणि खिडकीचा आडवा उजेड घ्यावा. शिक्के त्या उजेडातच उठून दिसतात.

आणखी एक गोष्ट आधीच पाहावी. पेढीच्या दप्तरातला प्रत्येक कागद मोडीत नसतो. खानदेशात गुजराती वाण्यांच्या वह्या वाणियाशाई लिपीत आणि मारवाडी पेढ्यांच्या महाजनीत सापडतात. या लिप्यांत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असतात. ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाली, हा विनोद त्यामुळेच जन्माला आला. ६४ पैकी नऊ बंद अशा लिपीत होते आणि सेवेने ते ‘अशुद्ध मोडी’ असा शेरा मारून रेटून वाचले. त्या नऊ बंदांचे पैसे वाया गेले. वरच्या ओढलेल्या रेघेवर अक्षरे लटकत नसतील तर तो कागद बाजूला काढावा आणि महाजनी वाचणाऱ्याला दाखवावा.

तारखा

पेशवाईतल्या कागदावर साल अरबी शब्दांत येते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे २, ७०, १००, १०००, मिळून ११७२. हे सुहूर सन, पेशवाईच्या कागदांतली कालगणना. त्यात मृगापासून, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापासून, डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे इथे १७७१-७२. सेवेने याला फसली (महसुलाची दुसरी कालगणना) धरून ५९० मिळवले आणि १७६२-६३ केले. दक्षिणेतले फसली आणि सुहूर सन दोन्ही मृगालाच बदलतात, म्हणून गोंधळ होतो. फरक बरोबर नऊ वर्षांचा. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीचा कागद की अखेरचा, एवढा तो फरक आहे. पडताळा सोपा होता, कारण त्याच व्यवहाराच्या दुसऱ्या कागदावर संवत १८२८ होते. गुजराती संवत कार्तिकात बदलतो. कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करायचे, पुढे ५६. उत्तर १७७१-७२. दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यात असूनही कोणी ते शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

महिन्याची चूक यापेक्षा गमतीची. मारवाडी पंचांग पौर्णिमांत, म्हणजे महिना पौर्णिमेला संपणारे, आपले आणि गुजरातचे अमांत, म्हणजे अमावास्येला संपणारे. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाला मात्र नाव वेगळे. आपला आश्विन वद्य म्हणजे त्यांचा कार्तिक वदि. मारवाडी पेढीने ‘कार्तिक वदि ५’ला लिहिलेली हुंडी बुऱ्हाणपुरात कार्तिक शुद्ध २ला पटली, म्हणजे तिचे पैसे मिळाले. सेवेच्या तक्त्यात ती लिहिण्याच्या अठरा दिवस आधीच पटल्याची नोंद आहे. तक्ता करणाऱ्याला हे खटकायला हवे होते.

रकमा

मोडी हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘१२५॥’ म्हणजे साडेएकशेपंचवीस रुपये. सेवेच्या लिप्यंतरात चार ठिकाणी ही जोडरेघ पूर्णविराम समजून सोडली आहे आणि एका ठिकाणी ती अकरा वाचून १२५ चे १२५११ झाले आहेत. अर्ध्या रुपयाने कोणी बुडत नाही, पण खतावणीची बेरीज जुळत नाही आणि मग टिपणात ‘मूळ हिशेबात चूक आढळते’ असा शेरा येतो. मूळ हिशेब अगदी चोख आहे. पेढीवरचा गुमास्ता असा चुकत नसे, चुकला असता तर त्याची नोकरी राहिली नसती.

दुसरी गोष्ट नाण्यांची. चांदवडी, अंकुशी, बुऱ्हाणपुरी हे रुपये एका भावाचे नव्हते. एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा लागायचा. त्या त्या रकमेच्या डोक्यावर नाण्याचे नाव असते. सेवेने नाव लिप्यंतरात ठेवले, पण बेरजेत सगळे रुपये एकत्र केले. सराफाची कमाई याच बट्ट्यात होती, हुंडणावळीत (हुंडीवरच्या आकारणीत) होती. बट्टा काढून टाकला तर सराफ धर्मार्थ दुकान मांडून बसला होता असे वाटेल.

व्याजाची ओळ ‘दरमहा दर शेकडा पाऊण’ अशी होती, ती सेवेने दिलेल्या अर्थामध्ये ‘पाऊण टक्के व्याज’ एवढीच आली. वाचणारा ते वर्षाचे धरणार. ते महिन्याचे आहे, वर्षाला नऊ. या महिनेवारी बोलीचे वय पाहायचे तर नाशिकच्या लेण्यांत जावे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका निकायाकडे (संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) महिना शेकडा एक दराने आणि दुसऱ्या निकायाकडे १००० कार्षापण पाऊण दराने ठेवले. लेखातला शब्दच ‘पायून’ असा आहे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४०, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचे चीवर (भिक्षूचे वस्त्र). हिशेब तंतोतंत जुळतो. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत राजाचा जावई पैसे ठेवतो विणकरांकडे, धर्मकार्य आहे बौद्ध भिक्षूंचे, आणि व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवला जातो. सेवेच्या टिपणातल्या ‘पैशाचा व्यवहार फक्त वैश्य वर्णाकडे होता’ या वाक्याचे काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शब्द : खरी परीक्षा इथे

अक्षर बरोबर आणि अर्थ चूक, असे सर्वांत जास्त इथेच झाले आहे.

खोका. रक्कम चुकती होऊन रद्द झालेली हुंडी म्हणजे खोका. पेढ्या खोके जपून ठेवत, कारण पैसे दिल्याचा पुरावा तोच. सेवेने ‘खोके ७ बुऱ्हाणपूर’ याचा अर्थ ‘बुऱ्हाणपूरहून आलेल्या सात पेट्या’ असा दिला आणि टिपणात त्या पेट्यांत कापड असावे असेही सुचवले. (हल्लीच्या राजकारणातल्या खोक्यांशी याचा संबंध नाही, पैशाचा मात्र दोन्हीकडे आहे.)

पेठ. हुंडी वाटेत हरवली तर लिहिणारा तिची दुसरी प्रत देतो, ती पेठ. काही जण पैठ लिहितात. तीही गेली तर परपेठ. ‘पेठ लिहून दिली’ याचा अर्थ सेवेने ‘बाजारपेठ इनाम दिली’ असा केला. एका सराफाने दुसऱ्याला अख्खा बाजार इनाम दिला, हे लिहिताना हात थांबायला हवा होता.

रकमेची ओळ. ‘रुपये १०००, निमे पाचशे, याचे दुप्पट पुरे’ ही हुंडीतली नेहमीची भाषा. कोणी आकड्यात शून्य घुसडू नये म्हणून रक्कम अंकी, अक्षरी आणि अर्धी करून लिहायची. सेवेने याचे तीन वेगळे हप्ते केले.

शाहजोग. हुंडी कोणालाही पटत नसे. दर्शनी म्हणजे दाखवताच, मुदती म्हणजे ठरल्या तिथीला, धनीजोग म्हणजे हुंडीच्या धन्याला (मालकाला), आणि शाहजोग म्हणजे ‘शाह’ला. शाह म्हणजे बाजाराने पतदार मानलेला व्यापारी. सेवेने ‘शाह’ हे आडनाव धरले. या एका शब्दात पेठेची सगळी ताकद आणि सगळा भेदभाव आहे. शाह कोण हे दिवाण ठरवत नव्हता, ते बाजार ठरवत होता. जैन, वैष्णव, ब्राह्मण, बोहरी, गोसावी यांतला कोणीही बाजाराच्या लेखी शाह होऊ शकत होता. पण घाण्यावर, चरकावर, ओझ्याखाली ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या नावाने शाहजोग हुंडी सापडायची नाही. महार-मांगांची नावे या रुमालात येतात ती वेठीच्या यादीत आणि राखणीच्या हक्कात, जमेच्या बाजूला एकदाही नाही. मार्गात जात आडवी येत होतीच, फक्त ती वर्णाच्या पायऱ्यांनी नव्हे, बाजारातली पत या दारातून येत होती.

गोसावी. दोन हुंड्यांत सावकार म्हणून गोसावी आहे. सेवेने अर्थ ‘भिक्षेकरी साधू’ असा लिहिला आणि कर्जाची रक्कम दान म्हणून नोंदवली. अठराव्या शतकात दख्खनेत गोसाव्यांच्या पेढ्या होत्या. रेशीम, शाली, जवाहीर यांचा व्यापार आणि सावकारी ते करत. वारसा मुलाकडे न जाता चेल्याकडे जाई, त्यामुळे भांडवलाची वाटणी होत नसे. मठ हीच पेढी. कागदात ‘चेला अमुक याजकडे खाते चालते’ असे आले की तो वारसाचा उल्लेख समजावा, उपदेशाचा नव्हे.

हरकी. शेटेपणाच्या वादात जिंकणाऱ्याने सरकारात भरायची ती हरकी, हरणाऱ्याने भरायची ती गुन्हेगारी. सेवेने ‘हरकत घेतली’ असे केले. निकाल कोणाच्या बाजूने लागला हेच त्यामुळे उलटले. वतनाच्या कागदात याहून मोठी चूक होऊ शकत नाही.

आता शेटे आणि महाजन. प्रत्येक पेठेला हे दोन वतनदार असत. शेटे पेठेचा मुख्य, महाजन त्याच्या जोडीचा. हक्क दोघांचे वेगळे. नवी पेठ वसवायची तर सरकार यांना इस्ताव्याचा कौल देई. काही वर्षे हाशील (कर) माफ, पुढे दरसाल थोडे थोडे वाढवत पूर्ण धाऱ्यापर्यंत, वेठबिगार नाही, बाहेरून येऊन राहील त्याला त्रास नाही. बदल्यात शेट्याने वाणी-उदमी गोळा करून आणायचे. प्रत्येक दुकानामागे त्याला शेव-फसकी मिळे. फसकी म्हणजे धान्याच्या ढिगातली मूठ, तेलवाल्याकडून पळी, पानवाल्याकडून पाने. निवाड्याच्या कागदावर पाटलाची निशाणी नांगर तशी शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. सेवेच्या लिप्यंतरात या निशाण्या ‘चित्र’ एवढ्याच शब्दात आल्या आहेत. कोणत्या नावापुढे कोणते चित्र, हे लिहिलेच नाही. गोतसभेत (वतनदार आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेत) कोण कोणाच्या वर बसला ते या चित्रांच्या रांगेतूनच दिसते.

शेटेपण हे वतन होते, म्हणून ते वंशाने चाले, गहाण पडे, विकले जाई. त्यामुळे शेट्याची जात ठरलेली नसे. सेवेने मात्र ‘शेटे’ आणि ‘महाजन’ या दोन्ही शब्दांपुढे कंसात ‘वाणी’ लिहून टाकले आहे. हे फार जपून करायचे काम आहे. आज खानदेशात महाजन आडनाव माळ्यांत आहे, ब्राह्मणांतही आहे. चौधरी तेल्यांत आहे, लेवा पाटलांतही आहे. अधिकाराचे नाव आडनाव झाले, धंद्याचे नाव जात वाटू लागले, आणि ‘वाणी’ या एका शब्दाखाली लाडसक्के, लिंगायत, गुजराती असे एकमेकांत सोयरीक न करणारे गट झाकले गेले. गुजरातेत तर ‘महाजन’ म्हणजे माणूसच नव्हे, व्यापाऱ्यांची संस्था. एकच शब्द तापीच्या दोन टोकांना दोन अर्थांनी चालतो.

जातपडताळणीसाठी असला कागद न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते आणि ती जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, जातीच्या रकान्यासह मिळते. अठराव्या शतकातल्या शेट्याच्या कागदावरून वकील फार तर चहा पाजेल.

टिपण : दीडशे रुपयांचे काय मिळाले

चौसष्ट बंदांना मिळून टिपणे प्रत्यक्षात पाचच, बाकी ठिकाणी तोच मजकूर चिकटवलेला. सार असे की समाज चार वर्णांत विभागलेला होता, व्यापारी तिसऱ्या पायरीवर होते, सत्ता क्षत्रियांकडे आणि धर्म ब्राह्मणांकडे होता, व्यापाऱ्यांना त्यात आवाज नव्हता. शाळेच्या पुस्तकाला हे ठीक. ज्या रुमालाखाली ते लावले आहे त्या रुमालाशी ते जुळत नाही.

या पेढीचा माल आणि हुंडी ज्या रस्त्याने जात होती तो सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये सतराव्या शतकात त्याच रस्त्याने गेला: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, बुऱ्हाणपूर. नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीचा वास येतो, हेही त्याने लिहून ठेवले. या रस्त्याच्या सुरतेकडच्या टोकाला वीरजी व्होरा होता. जैन, इंग्रज कंपनीचा मोठा धनको, बुऱ्हाणपुरातही त्याचे आडते. कंपनीच्या वखारवाल्यांना माल घ्यायला पैसे कमी पडले की ते त्याच्या दारात. त्याच सुरतेत सप्टेंबर १६६९ मध्ये काजीच्या धर्मांतराच्या सक्तीला आणि उकळपट्टीला कंटाळून सुमारे ८००० वाणी घरदार सोडून भडोचला निघून गेले. पुढाऱ्यांत भीमजी पारेख. मागे बाजार बंद, टांकसाळ बंद, कोणाला रोकड मिळेना. बादशहाकडून दिलासा आल्यावरच, त्या वर्षाच्या अखेरीस, ते परतले. तलवार कोणी काढली नव्हती.

अहमदाबादचे शांतिदास झवेरी हे आणखी बोलके उदाहरण. त्यांनी बांधलेले चिंतामणी पार्श्वनाथाचे मंदिर १६४५ मध्ये सुभेदार औरंगजेबाने मशिदीत बदलले. १६४८ मध्ये शाहजहानने ते परत करण्याचा हुकूम दिला. १६५८ मध्ये मुरादने तख्तासाठी निघताना याच घराण्याकडून साडेपाच लाख रुपये उचलले, आणि मुरादला कैद करून तख्तावर बसलेल्या औरंगजेबाने त्यातले एक लाख खजिन्यातून परत द्यायला सांगितले. ज्याने मंदिर घेतले त्यानेच भावाचे कर्ज अंशतः फेडले. श्रद्धा एका खात्यावर, पत दुसऱ्या खात्यावर.

उलट बाजूही तितकीच खरी. पत मोठी असली तरी तिला तटबंदी नसते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वीरजीचा वाडा सुटला नाही. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरची उपनगरे लुटली, त्यात सावकारांचे बहादूरपूर होते. टिपण लिहिणाऱ्याने यातले एक तरी वाक्य घातले असते तर दीडशे रुपये वसूल झाले असते.

आणि ‘धर्मादा’. खतावणीत हे खाते दर पानावर आहे. टिपण म्हणते, ‘व्यापारी उदार व दानशूर होते’. धर्मादा औदार्याने निघत नसे, तो प्रत्येक सौद्यावर कापला जाई आणि बहुधा गिऱ्हाइकाच्या खिशातून जाई. याचा नमुना बघायला चाळीसगावच्या पाटणादेवीपर्यंत जाणे पुरे. तिथल्या शिलालेखात, शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०६-०७ मध्ये, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला निकुंभ वंशातल्या सोइदेवाने दिलेली देणगी आहे. शेवटच्या मराठी भागात बाजारच उभा राहतो. पाटणात जे केणे उघडेल, म्हणजे जो माल विकायला मांडला जाईल, त्यावरचा राउळाचा (राजाचा) गिऱ्हाइकापासूनचा हक्क मठाला. पहिल्या घाण्याचा लोटा मठाला, पुढे जितके घाणे चालतील तितक्यांची पळी पळी तेल. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि सगळ्यांत मोलाचे वाक्य: ‘एथ जें मवींजै तें मढीचेनि मापें मवावें’. इथे जे मापायचे ते मठाच्या मापाने. गणिताच्या मठाला बाजाराचे माप दिले, यापेक्षा नेमकी देणगी सुचणार नाही. शेट्याची फसकी, पेढीचा धर्मादा आणि मठाची पळी हे एकाच झाडाचे फांटे आहेत, आणि ते ओळखण्यासाठी चारशे रुपयांचे टिपण नव्हे, चाळीसगावची एसटी लागते.

काम द्यायचे असल्यास

लिप्यंतर घ्यावे, या सेवेचे वाचन स्वच्छ आहे आणि ओळीला ओळ जुळवून देतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि अनुस्वार बहुधा गाळलेले असतात, त्यामुळे तिथे त्यांना दोष देऊ नये. अर्थ घ्यायचा तर आधी लेखी ठरवून घ्यावे: सनाचे नाव मूळ शब्दांत ठेवा, मग इसवी सन द्या, महिना अमांत की पौर्णिमांत ते लिहा, नाण्याचे नाव बेरजेतही राहू द्या, जातीचे नाव कागदात असेल तरच लिहा, कंसात स्वतःचे घालू नका, निशाण्या आणि शिक्के कोणाच्या नावापुढे आहेत ते नोंदवा, ‘मोर्तब सुद’, ‘बार’ यांसारखे कोपऱ्यातले शेरे गाळू नका. या अटींवर त्यांनी सात बंद पुन्हा करून दिले, पैसे न घेता, आणि त्यातले सहा बरोबर आले. सांगितले तर करतात.

मोठे दप्तर असेल तर सुरुवात धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळापासून करावी. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये निघालेले हे मंडळ मोडी कागदांचे घर आहे. पेठेच्या कागदातला शब्द अडला तर त्याच काळातला दुसरा कागद शेजारी ठेवून पाहणे हाच उपाय असतो, आणि तो दुसरा कागद घरी नसतो.

हुंड्या आणि खोके वेगवेगळ्या गठ्ठ्यांत, पाठपोट नंबर घालून द्यावेत आणि खोक्यांच्या गठ्ठ्यावर ‘चुकत्या हुंड्या’ अशी ठळक चिठ्ठी लावावी. नाहीतर ते पुन्हा पेट्यांच्या यादीत जातात.